दक्षरावांचा कोंडवाडा

"आता माझ्या परवानगीशिवाय या कारखान्यात डाससुद्धा शिरणार नाही!" असं दक्षरावांनी एक तारखेला जाहीर केलं. डासांचा तसा काही त्रास नव्हता. त्रास होता फसव्या मेलचा.

दारं-खिडक्या बनवणाऱ्या त्या कारखान्याचा सर्व्हर दक्षराव सांभाळत. हे नाव लोकांनी ठेवलेलं. जेवायला जाताना ते खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघत, जिन्यापर्यंत जाऊन परत येत आणि चौथ्यांदा ओढत! अशा माणसाच्या हाती मेल अडवायची नवी यंत्रणा आली. संशयास्पद मेल बाजूला कोंडून ठेवायची आणि कोणाचं काय कोंडलंय याची यादी रोज सकाळी ज्याची त्याला पाठवायची, हे तिचं काम. खरं नाव क्वारंटाइन. लोक मात्र तिला कोंडवाडा म्हणू लागले.

मोठे साहेब म्हणाले होते, "महिनाभर एकही तक्रार आली नाही, तर तुमची नोकरी कायम."

दक्षराव सहा वर्षं कंत्राटावर होते. दर वर्षी करार संपत आला की त्यांची झोप उडायची, आणि त्यांच्या कुशी बदलण्यामुळे बायकोचीही. त्यामुळे त्यांनी कंबर कसली. फसवे लोक कुठले शब्द वापरतात ते शोधून यंत्रणेला दिले: 'तातडीचं', 'लगेच', 'अडकलंय', 'कृपया मदत करा'. यांतलं काही दिसलं की मेल थेट कोंडवाड्यात! शिवाय दारावर पाटी लावली, 'तक्रार फक्त मेलने करावी. दार वाजवू नये.'

आणि खरंच, तक्रार येईना! एक आठवडा गेला, दोन गेले. दक्षराव खुर्चीत मागे रेलून पेन्सिलींना टोकं काढू लागले.

"एकही नाही?" बायकोने घरी विचारलं.

"एकही नाही."

"अहो, घरात आपण दोघंच राहतो, तरी मी दिवसाला चार तक्रारी करते. तिथे दोनशे माणसं आहेत!"

"त्यांना माझ्या कामाची कदर आहे," दक्षराव म्हणाले आणि पाचवी तक्रार ओढवून घेतली.

महिना संपायला दोन दिवस उरले आणि दार वाजलं. पाटी असूनही! बाहेर गोदामाच्या बाई उभ्या होत्या.

"दक्षराव, माझं काही चुकलं का?"

"का हो?"

"नऊ मेल पाठवल्या तुम्हाला. उत्तर नाही. बिजागऱ्यांची मागणी कुठेतरी अडकलीय. आठ दिवस झाले, साठ दारं नुसती भिंतीला टेकून उभी आहेत!"

"मला एकही मिळाली नाही. काय लिहिलं होतं?"

"काय लिहिणार? 'तातडीचं आहे, माझी मेल अडकलीय, कृपया मदत करा!'"

दक्षरावांनी कोंडवाडा उघडला. महिनाभरात त्यांनी तो नीट पाहिलाच नव्हता. आत चारशे बारा मेल! त्यांतल्या तक्रारी एकशे सात. तक्रार करणारा माणूस 'तातडीचं' लिहिल्याशिवाय राहतो का? रोज सकाळच्या याद्याही तिथेच पडल्या होत्या. अडवलेल्या मेलची यादी म्हणजे त्याच शब्दांची माळ. यंत्रणेने तीही इमानाने अडवली होती!

"सोडता ना?" बाईंनी विचारलं.

दक्षरावांनी बोट 'सर्व सोडा'च्या बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. प्रत्येक तक्रारीची एक प्रत साहेबांना जाणार होती. दोनच दिवस! दोन दिवस कळ काढली तर जन्माची काळजी मिटत होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटत होतं, हा माणूस आपल्यावर रागावलाय. दक्षरावांना स्वतःची फार लाज वाटली. त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

खालच्या मजल्यापासून वरपर्यंत सगळे संगणक टिंगटिंगले. दहाव्या मिनिटाला साहेबांचं बोलावणं आलं.

पाय मुरगळल्यामुळे दहा दिवस घरी बसलेले साहेब आजच कामावर आले होते. "एकशे सात!" ते शांतपणे म्हणाले. शांतपणाचीच दक्षरावांना जास्त भीती वाटली.

"चूक माझी आहे, साहेब. कायम होणं आता विसरतो."

"ते जाऊ द्या. एकही तक्रार दिसेना, म्हणून मी तर तुम्हाला महिना संपायची वाट न बघता वीस तारखेलाच कायम केलं होतं. घरच्या पत्त्यावरून मेल पाठवली, 'लगेच होकार कळवा' म्हणून. तुमचं उत्तरच नाही! पुन्हा पाठवली, तर परत आली."

दक्षरावांनी साहेबांच्याच संगणकावर कोंडवाड्याची नोंद उघडली. वीस तारखेला जेवायला उठताना त्यांनी वरची एकच मेल घाईघाईने निकालात काढली होती. नोंद साहेबांनी मोठ्याने वाचली.

"'नोकरी कायम झाल्याचं आमिष. शंभर टक्के भामटा. पत्ता कायमचा बंद.'"

दक्षरावांनी हळूच ती नोंद बंद केली.

"होकार आहे," दक्षराव बारीक आवाजात म्हणाले.

"आता नाही. महिना आजपासून पुन्हा मोजायचा. आणि तक्रारी तोंडी घ्यायच्या!"

दक्षराव खोलीवर आले. पाटी काढली, वही उघडली, पेन्सिल उचलली. दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली होती. तेवढ्यात रांग बाजूला झाली आणि लंगडत लंगडत साहेब पुढे आले.

"पहिली माझी," ते म्हणाले. "लिहून घ्या. मला भामटा म्हटलं."