अंकुशचं वाळवंट

"वाळवंट काय पळून नाय जात. आधी हे लोणचं नीट ठेवा," असं म्हणत संघप्रियाने लिंबाच्या लोणच्याचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळून नवऱ्याच्या बॅगेत कोंबला. "आणि डबा परत आणा. घट्ट झाकणाचा घरात तेवढा एकच राहिलाय."

अंकुशने मान हलवली, पण त्याचं लक्ष लोणच्यात नव्हतं. शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात त्याने सहारा वाळवंटाचं चित्र बघितलं होतं, आणि तेव्हापासून एकच इच्छा मनात घर करून बसली होती. त्या वाळूत अनवाणी चालायचं. समुद्रकाठची वाळू त्याने पुष्कळ तुडवली होती. त्याला समुद्र नसलेली वाळू हवी होती, नजर जाईल तिथवर नुसती वाळू. पुढे तुर्भ्याच्या मार्केटात कांद्याबटाट्याच्या पावत्या फाडण्यात एकतीस वर्षं गेली. निवृत्तीला आठ महिने उरले असताना कामोठ्याच्या सोसायटीतले शेजारी चंद्रशेखर आणि मार्केटातले हौसेराव यांनी मोरोक्कोच्या सहा दिवसांच्या सहलीचा बेत काढला.

"डेझर्ट आहे का त्यात?" अंकुशने एवढंच विचारलं.

"आहे ना. पाचव्या दिवशी, शुक्रवारी. सनसेट पण आहे," चंद्रशेखरने कागदावर बोट ठेवून दाखवलं. अंकुशने त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

पहिले चार दिवस तिघे नुसते दमले. माराकेशच्या बाजारात हौसेरावांनी एका पितळी दिव्याचा भाव पाडण्यात अडीच तास घालवले आणि दिवा न घेताच ते बाहेर पडले. फेस शहराच्या गल्ल्यांत चंद्रशेखर मोबाइलवर रस्ता बघत पुढे चालला, आणि तिघांना एकच गाढव तीनदा भेटलं. रोज नवं हॉटेल, रोज बॅगा भरा, रोज पहाटे उठा. अंकुशचे पाय सुजले, पाठ धरली, गोड पुदिन्याच्या चहाने तोंडाची चव गेली. तरी त्याने हूं की चूं केलं नाही. शुक्रवार यायचा होता.

घोळ झाला तो गुरुवारी संध्याकाळी. गाडीचा ड्रायव्हर इद्रिस मोठा सालस माणूस होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचा, बॅगा उचलायचा, सगळ्यांना 'ब्रदर' म्हणायचा. हॉटेलच्या दारात उतरताना अंकुश सवयीने म्हणाला, "इद्रिसभाऊ, मुंबईला आलात की घरी यायचंच हां. आमच्याकडेच जेवायचं."

आपल्याकडे हे वाक्य गाडीचं दार लावता लावता म्हणायचं असतं. ऐकणारा "हो, नक्की" म्हणतो आणि जन्मात येत नाही. चंद्रशेखरने तेच इंग्रजीतून सांगितलं मात्र, इद्रिसने इंजिन बंद केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"ब्रदर, तुम्ही मला तुमच्या घरी बोलावलंत. मग आधी तुम्ही माझ्या घरी आलं पाहिजे. उद्याच. माझं गाव वाळवंटाच्या वाटेवरच आहे."

"वाटेवर आहे तर काय! दहा मिनिटं चहा घेऊ आणि निघू," चंद्रशेखर म्हणाला.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता ते इद्रिसच्या मातीच्या घरापुढे उतरले. पाहुणे म्हणून रिकाम्या हाताने कसं जायचं? अंकुशने अर्धा उरलेला लोणच्याचा डबा बरोबर घेतला. इद्रिसच्या म्हाताऱ्या आईने एक फोड चाखली, डोळे पुसले, पोटभर हसली आणि डबा आत नेऊन ठेवला. मग मधोमध एक भलंमोठं मातीचं ताट आलं. रव्याच्या दाण्यांचा मोकळा डोंगर, वर भोपळा, गाजर, चणे आणि मटण. सगळ्यांनी त्याच ताटात, आपापल्या समोरच्या बाजूने खायचं.

अंकुशची आई जाईबाई फार कडक बाई होती. ताटात शीत राहिलं, तर ताट धुऊन ते पाणी प्यायला लावायची. अंकुशने आपल्या पुढ्यातली बाजू चाटूनपुसून साफ केली. ताटाचा तळ दिसताच म्हातारीचा चेहरा खुलला आणि तिने तिथे पुन्हा डोंगर रचला. अंकुशने तोही संपवला. तिने तिसरा रचला.

"आई म्हणते, तुम्ही अजून उपाशी आहात," इद्रिसने सांगितलं.

"अरं गड्या, थोडं ठिव की बाजूला," हौसेराव कुजबुजले. ते मूळचे साताऱ्याकडचे. "मी ठिवलं, तर मला वाढायची थांबली बघ."

"टाकू कसं, हौसेराव? आईनं शिकवलंय."

"तुझी आई वरनं बघतीया व्हय?"

"बघत असंल," अंकुश म्हणाला आणि त्याने चौथा डोंगर पोखरायला घेतला.

त्यानंतर कलिंगड आलं. त्यानंतर चहा आला, आणि चहा तीन ग्लास घ्यायचा असतो असं कळलं. दहा मिनिटांसाठी बसलेली माणसं चार वाजून गेल्यावर उठली, तीही एकमेकांच्या हाताला धरून.

"पाच मिनिटं डोळे मिटतो. वाळू दिसली की उठव," अंकुशने गाडीत चंद्रशेखरला सांगितलं. चंद्रशेखरने हेच हौसेरावांना सांगितलं. हौसेराव केव्हाच घोरत होते.

अंकुशने डोळे उघडले तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

"आलं का?" त्याने विचारलं.

"आलं. हॉटेल," इद्रिस म्हणाला.

"आणि वाळवंट?"

"झालं, ब्रदर. तासभर थांबलो होतो. तुम्ही इतके छान झोपला होतात! आमच्या घरी पाहुण्याला झोपेतून उठवत नाहीत."

पहाटेच विमानतळाकडे निघायचं होतं, सात तासांचा रस्ता होता. अंकुश हॉटेलच्या पायरीवर बसला. साठीला आलेल्या माणसाने रडायचं म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून तो बुटाची नाडी सोडत राहिला. इद्रिसने त्याच्याकडे बघितलं, गाडी वळवली आणि तो निघून गेला.

पहाटे इद्रिसने लोणच्याचा डबा परत दिला. "घरी न्या. आई म्हणाली, डबा रिकामा परत द्यायचा नसतो."

डबा चांगला जड होता. पुन्हा तो डोंगर, असं अंकुशला वाटलं. न उघडताच त्याने डबा बॅगेच्या तळाशी ढकलला.

कामोठ्याला पोचल्यावर तो एक दिवस नुसता झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी संघप्रियाने समोर चहा ठेवला आणि विचारलं, "मग? बघितलं का वाळवंट?"

तिच्या चेहऱ्यावरची उत्सुकता बघून अंकुशला खरं सांगवेना. "काय सांगू तुला! लाल वाळू, जिकडे बघावं तिकडे वाळू. चाललो की अनवाणी! पाय नुसते भाजत होते."

"सूर्य मावळताना?"

"दिवसभर तापलेली असते ना."

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. अंकुशचा चष्मा सापडेना, म्हणून तिनेच उघडला. इद्रिसने फोटो पाठवला होता. मागे वाळूची मोठी टेकडी, तिच्यावर टेकलेला लालभडक सूर्य, आणि पुढे गाडीच्या काचेतून दिसणारी तीन उघडी तोंडं. संघप्रियाने फोटो मोठा करून बघितला.

"यात तुमचे पाय कुठे भाजतायत?"

अंकुशने चहात तोंड घातलं. फोटोखाली इंग्रजीत निरोप होता, तो तिने सावकाश वाचला. "ब्रदर, तुम्हाला पायरीवर बसलेलं मला बघवेना. मी परत जाऊन थोडं वाळवंट डब्यात भरून आणलं. आता घरीच त्यावर चाला."

अंकुश ताडकन उठला. "तो डबा कुठाय?"

"धुतला की कालच! आत रेती होती. मला वाटलं, तेलकटपणा जावा म्हणून घातली असंल त्यांनी."

"आणि रेती टाकलीस?"

"टाकते कशाला? कोरफडीला रेती लागतेच. कुंडीत घातली."

अंकुशने गॅलरीत स्टूल ओढलं, चपला काढल्या आणि उजवा पाय कुंडीत ठेवला. दोन्ही पाय मावत नव्हते.

"भाजतंय का?" दारातून संघप्रियाने विचारलं.

"गार आहे. आणि टोचतंय."

"सकाळीच पाणी घातलं मी. सांगायचं नाय का आधी?" ती म्हणाली, पण तिचा आवाज मऊ झाला होता.

अंकुशने उजवा पाय काढून डावा ठेवला. असं आलटून पालटून तो पुष्कळ चालला. मग भिंतीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले, नीट दिसावं म्हणून.

दहा वाजले तशी संघप्रिया त्याला उठवायला आली. रजा संपली होती, मार्केट गाठायचं होतं. तिने खांद्याकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. मग फोन आणून हळूच एक फोटो काढला आणि इद्रिसला पाठवून दिला.

"बघितलं का त्यांनी वाळवंट?" लगेच विचारणा आली.

संघप्रियाने अंकुशकडे बघितलं. पाय कुंडीत होता, तोंड उघडं होतं.

"बघतायत," तिने लिहिलं.