साऱ्यांना विचारणारे सोपानराव

माझ्या लग्नात अंतरपाट धरला आणि मागून आवाज आला, "नवरीला इचारलं का?" मंडप हसला, भटजी दचकले, सासरे घाबरले. नवरी मात्र अंतरपाटाआडून खणखणीत म्हणाली, "विचारलंय!"

तो आवाज सोपानरावांचा. भोसरीच्या वर्कशॉपात ते माझ्या शेजारच्या लेथवर. राहायला कुरुळीत, येणंजाणं सायकलवर. कुठं काही ठरलं, की त्यांचा हा सवाल हजर. शिफ्टची वेळ बदलली? चहावाल्या बाईला इचारलं का? शेडला रंग देणार? वळचणीच्या चिमण्यांना इचारलं का? फोरमन त्यांना लांबूनच नमस्कार करायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कुरुळीजवळच्या टेकडीवर वनखात्याचं रान होतं. एका कारखानदाराला त्यातून ट्रकसाठी सरळ रस्ता हवा होता. वनखात्याच्या साहेबांनी बेत आखला: निम्म्या रानातून रस्ता, उरलेल्याला काटेरी तार. कारखानदार राजी, सरपंच राजी. साहेबांनी चावडीवर नकाशा उलगडला, तेवढ्यात सोपानराव उठले.

"मोळीवाल्या बायांना इचारलं का? बिरू धनगराला?"

साहेब वैतागले. "अहो, किती जणांना विचारायचं?"

"ज्याचा ज्याचा पाय रानात पडतो, तेवढ्यांना."

"बरं. पुढच्या महिन्यात आणा सगळ्यांना. मी टेकडीवरच येतो."

झालं! सोपानराव रोज ड्यूटी सुटली की घरोघर फिरू लागले. बायांना समजावलं, "वाळकं तोडा, पण वली फांदी तोडली तर मीच साहेबांस्नी नाव सांगन." बिरूला म्हणाले, "नवी रोपं शेळ्यांनी खाल्ली, तर उद्या चरायचं काय?" कारखानदारालाही गाठलं आणि टेकडीला वळसा घालून माळावरून ट्रक कसा जाईल, ते स्वतः चालून दाखवलं.

ठरल्या दिवशी मीही सोपानरावांबरोबर गेलो. टेकडीवर जत्रा जमली. बाया तावातावानं बोलत होत्या, साहेब लिहीत होते. खाली पसरलेल्या नकाशाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बिरूच्या एका शेळीनं त्याचा कोपरा खाल्ला, नेमका रस्त्याचा.

"साहेब," सोपानराव गंभीरपणे म्हणाले, "तिनं बी मत दिलं."

साहेब इतके हसले की टोपी पडली. शेवटी त्यांनी लिहिलं: ट्रक माळावरून जातील, तार फक्त नव्या रोपांभोवती, वाळकं सरपण बायांना मोकळं. सरपंचांनी गुळाची ढेप फोडली. बायांनी सोपानरावांना हाताला धरून फुगडीत ओढलं. एवढा मोठा माणूस, पण लाजून लाल झाला.

उतरताना मात्र ते रेंगाळत चालत होते. मी म्हटलं, "जिंकलात की, राव!"

"व्हय. जिंकलो," ते म्हणाले. "कारभारीण गेल्यापासनं सांच्याला कुलूप काढायचं जिवावर येतं, भाऊ. ह्या महिन्यात रोज कुणा ना कुणाच्या वट्यावर बसलो. च्या झाला, पोरं मांडीवर खेळली. आता काम झालं. उद्या कंच्या निमतानं जाऊ?"

तेवढ्यात मागून मोळीवाली पारूबाई भराभर उतरत आली. तिनं गुळाचा एक खडा त्यांच्या हातात कोंबला आणि दटावलं, "उद्या लवकर या, दादा. काल तुमची वाट बघून पोरं जेवायची थांबली व्हती."