काकभटांनी थांबा सार्थकी लावला

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. झाडं होती, नदी होती, सरपंचसुद्धा होता. फक्त कावळे नव्हते. ते सगळे परदेशी उकिरड्यांवर नोकरीला गेले होते. तिकडचा कचरा फार स्वच्छ असतो म्हणतात.

या जंगलात हैबती आणि गोंदू नावाचे दोन साळिंदर भाऊ राहायचे. थोरला हैबती एके दिवशी उसाच्या मळ्याच्या कुंपणातल्या विजेच्या तारेला चिकटला आणि मेला. तेव्हापासून धाकटा गोंदू जेवेना. कुणी जवळ गेलं, की काटे उभारून अंगावर धावायचा.

दहावा जवळ आला. पिंडाला शिवायला कावळा कुठून आणायचा? कावळा शिवला नाही, तर हैबती अडकून पडणार, पुढे जाणार नाही.

सरपंच कोल्हा म्हणाला, "दर्भाचा कावळा करू. हल्ली सगळीकडे तेच चालतं."

"माझा दादा काय दर्भाचा होता?" गोंदू ओरडला. "खराच कावळा पाहिजे!" आणि कुणाला न विचारता तो थेट परदेशी निघून गेला.

तिकडे त्याला काकभट भेटले. मोठे नामांकित कावळे. यायला तयार झाले, पण विमानाने.

"पण गुरुजी, तुम्हाला पंख आहेत ना?"

"ते घरच्या कामाला. बोलावणं आलं की विमान."

आता, मुलांनो, त्या जंगलाला थेट विमान नव्हतं. वाटेत एका शहरात सकाळी उतरायचं आणि संध्याकाळी दुसरं विमान धरायचं. दहावा दुसऱ्या दिवशी सकाळी.

उतरल्या उतरल्या गोंदू एका बाकावर जाऊन बसला. "मी इथून हलणार नाही. विमान चुकलं तर?"

चौकशीच्या खिडकीत एक पोपट होता. तो म्हणाला, "थांबा लांबलाय? शहर पाहा! वेळ सार्थकी लावा!"

"माझा भाऊ गेलाय," गोंदू म्हणाला.

"थांबा लांबलाय? शहर पाहा!"

गोंदूने काटे उभारले. काकभटांनी त्याला मागे ओढलं. "अरे, पढवलेला आहे बिचारा. पण चुकीचं काय बोलतोय? तू बाकावर बसलास म्हणून विमान लवकर येणार आहे का? चल."

फुकट शहरदर्शनाची बस होती. काकभटांनी एका थोर पुरुषाचा पुतळा पाहिला, म्हणजे पुतळ्याच्या डोक्यावर बसून बाकीचं शहर पाहिलं. मग खाऊगल्ली. भजी खाल्ली. कचोरी खाल्ली. एका दुकानात जिलेबी तळत होते, तिथे तर त्यांनी बस सोडूनच दिली.

"गुरुजी, उद्यासाठी पोटात जागा ठेवा."

"बाळा, कावळ्याचं पोट आहे हे. रात्रीत रिकामं होतं."

पुढे लग्नाचं कार्यालय लागलं. वरपक्षाला वाटलं, कावळा वधूकडचा. वधूपक्षाला वाटलं, वराकडचा. दोन्हीकडून आग्रह झाला.

"तू पण ये की," काकभट म्हणाले.

"मला सुतक आहे."

"हो, खरंच. मग चपला सांभाळ."

गोंदू दारात चपलांच्या ढिगाशी बसला. आतून सनई ऐकू येत होती. हैबतीने त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. गोंदूने नाही म्हणून तीन वेळा भांडण केलं होतं. तो चपला सांभाळत राहिला. एकही हरवली नाही. त्या कार्यालयात असं पहिल्यांदाच घडलं.

संध्याकाळी विमानतळावर बोका शिपायाने अडवलं. "टोकदार वस्तू आत नेता येत नाहीत. काटे काढून ट्रेमध्ये ठेवा."

"अंगाचे आहेत, साहेब."

"ते तुमचं तुम्ही बघा."

शेवटी गोंदूने प्रत्येक काट्याच्या टोकाला एकेक बोर खोचलं. बोका म्हणाला, "आता नियमात बसलं." विमान वर गेलं आणि काकभटांनी ती बोरंही संपवली.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी पिंड मांडला. सारं जंगल जमलं. काकभट फांदीवर बसले, पिंडाकडे पाहिलं आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"शिवेना!" कुजबुज झाली. "हैबतीची काहीतरी इच्छा राहिलीय."

हैबतीची बायको रडू लागली. गोंदू धावत फांदीखाली गेला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, एक शीत तरी!"

"कालची जिलेबी घशाशी आहे रे. शीत गेलं तर जिलेबी बाहेर येईल."

गोंदूचे काटे सळसळले. तो ओरडणार, इतक्यात रानडुक्कर पुढे आलं आणि पिंडाला हात जोडून म्हणालं, "हैबतराव, तुमच्या वाटणीचे कंद मी उकरत होतो. चुकलं. आजपासून वहिनींचे."

गोंदूने तोंड मिटलं.

कावळा हलेना. मग सरपंच पुढे आला. "ती कुंपणाची तार लावायला मीच परवानगी दिली होती. उद्या काढतो." कावळा हलेना.

"गुरुजी," गोंदू पुटपुटला, "अजून काका बोलले नाहीत. बसा."

चुलता साळिंदर घाम पुसत पुढे आला. "हैबती, बाळा, मी तुझ्या बायकोला म्हणालो होतो, माहेरी जा, बीळ मोकळं कर. नाही जाणार ती. बीळ तिचंच. आता तरी शीव रे!"

ऊन चढलं. काकभटांना एक मोठा ढेकर आला. त्यांनी पंख झटकले आणि पिंडाजवळ उतरले. "जागा झाली," ते म्हणाले, आणि चोच पुढे केली.

"थांबा!" गोंदू म्हणाला.

"आता कुणाकडून काय वदवून घ्यायचंय?"

"कुणाकडून नाही." गोंदू पिंडाच्या आड येऊन उभा राहिला. "तुम्ही शिवलात, की दादा जाईल ना?"

काकभटांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते पुन्हा फांदीवर जाऊन बसले आणि मोठ्याने म्हणाले, "अजून इच्छा राहिलीय."

सारं जंगल उपाशीपोटी उन्हात ताटकळलं. गोंदू पिंडाशेजारी बसून राहिला. सावल्या लांब झाल्या, तेव्हा तोच म्हणाला, "शिवा, गुरुजी."

तात्पर्य : प्रवासात मधे थांबावं लागलं, तर तडस लागेपर्यंत खाऊन घ्यावं. वेळेवर भूक लागलेल्या कावळ्याने आजवर कुठल्याही विधवेला बीळ मिळवून दिलेलं नाही.