दत्ता भावजींची पिवळी चौकट

सुलभाला ऑपरेशनला आत न्यायला दहा मिनिटं उरली होती आणि कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ फोनमध्ये माझ्या लेकीच्या तोंडाऐवजी नुसता पिवळा रंग होता. मधोमध रुपयाएवढं भोक. त्यात तिचं नाक.

"भावजी, माझी लेक कुठं गेली?"

"हायच की वैनी. चौकट जरा जाड झाली. एकच ओळ बदलली होती."

चाळीसच्या जागी चारशे लिहिलं होतं त्यांनी.

"जळो तुमची चौकट! तिकडं लेकीचं काळीज कापायलेत अन् तुमी रंग लावायलाव?"

ते नाक हसलं. "आई, काकाला बोलू नको. आवाज येतोय मला." तेवढ्यात तिला न्यायला आले.

दत्ता भावजी माझे धाकटे दीर. सोनपेठला शाळेत क्लार्क होते. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर हा नाद लागला. कॉम्प्युटरवर जी खिडकी उघडते, तिची चौकट सगळ्या जगाला तयार मिळते. यांना ती स्वतः घडवायची होती. एका फाइलीत ओळी लिहायच्या: रंग कोणता, जाडी किती, कोपरा गोल की टोकदार. रोज "एकच ओळ" बदलायची आणि मग दुपारपर्यंत सगळं बंद.

एकदा लाल रंग ठरवायला स्टँडवर जाऊन एसटी बघत उभे राहिले. परत आले ते तोंड पाडून. "वैनी, दोन गाड्यांचा लाल सारखा न्हाई. कुठला धरू?" पिवळ्यासाठी माझ्या डब्यातली हळद तळहातावर घेऊन कॉम्प्युटरच्या पडद्याला लावून बघितली. पडदा मला पुसावा लागला.

संध्याकाळी जावयाचा फोन आला, सुलभा शुद्धीवर आली. तरी भावजींशी मी महिनाभर बोलले नाही. ताट वाढायचे आणि आत जायचे. ते खाली मान घालून जेवायचे.

पुढच्या पोळ्याआधी ते गेले. कॉम्प्युटर शाळेला द्यायचा म्हणून सुलभानं उघडला. त्या फाइलीत काही ओळींच्या आधी दोन आडव्या रेघा होत्या. अशा रेघा मारल्या की पुढचं कॉम्प्युटर वाचत नाही, ते माणसासाठी असतं, असं ती म्हणाली. तिनं वाचून दाखवलं:

"सुलभाचा फोन. चौकट पिवळी, जाड. वहिनींना उजव्या डोळ्यानं दिसत नाही. फोन बंद करायची फुली काढून टाकली. चुकून दाबतात."

डोळ्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे त्याआधीचा फोन माझ्याच बोटानं बंद झाला होता, आणि रेंज गेली म्हणून मी घरभर ओरडले होते.

सुलभा म्हणाली, "काकाला ठाऊक होतं, आई."

मी म्हटलं, "मग बोलायचं की मेल्यानं."

त्या दिवशी त्या फोनवर आम्ही तिघं होतो. आता सुलभा आहे आणि मी आहे.