कमरेला गाठ एकच!

"बिनधास्त बसा, आई! या मुंग्या डसत नाहीत!"

दातांच्या डॉक्टरांनी हे अशा थाटात सांगितलं, की जंगलातल्या समस्त मुंग्यांनी त्यांना तसं वचनच दिलं असावं! थोरल्या जावयाला झाडं-पाखरं सगळं कळतं, धाकट्याची अक्कल दाढेपाशी संपते, हे सासूबाईंचं मत. ते आजच्या सहलीत खोडून काढायचंच, असा डॉक्टरांनी विडा उचलला होता.

सासूबाई सतरंजी घेऊन उभ्याच. "जावईबापू, मागे मला डसली ती अश्शीच होती. काळं डोकं, तांबडी पाठ."

"दिसायला सारख्याच असतात! फरक कमरेत! एक गाठ असली की गरीब, दोन असल्या की डसणारी!"

दाढा तपासायचा भिंगाचा चष्मा चढवून डॉक्टर झाडाच्या बुंध्याशी चक्क पालथे पडले.

"एक गाठ! एकच! बसा!"

सासूबाई बसल्या. फांदीवरून मुंग्यांची रांग डॉक्टरांच्या कॉलरमध्ये उतरू लागली.

"अहो, तुमच्या मानेवर..." बायको म्हणाली.

"गप्प! ती हलतेय!"

आणि डॉक्टरच असे हलले, जणू विजेच्या तारेला चिकटले!

"डसली ना?" बायकोनं विचारलं.

"छे! काटा!"

"शर्टाच्या आत?"

"वाऱ्यानं गेला असेल!" असं म्हणत डॉक्टर झाडाभोवती थयथयाट करू लागले. एक हात पाठीत, एक पायजम्यात, तोंडानं मात्र "काटेच आहेत! काटेच!"

इतक्यात सासूबाईंनी किंकाळी फोडली. ज्यांना उठवायला एरवी दोन माणसं लागत, त्या माउली बसल्या जागेवरून थेट उडाल्या! डबा एकीकडे, सतरंजी दुसरीकडे, आणि सासूबाई सगळ्यांच्या आधी गाडीत!

डॉक्टर पोचले तेव्हा त्यांचा खालचा ओठ वांग्याएवढा झाला होता. सासूबाईंनी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या डोळ्यांना लावला आणि पदरावरची मुंगी निरखली.

"जावईबापू, एक... दोन. दोन गाठी आहेत."

बायको खिडकीबाहेर बघत खांदे हलवून हसू दाबत होती. पण डॉक्टर हार मानतील तर शपथ! सुजलेला ओठ सावरत ते ताठ मानेनं म्हणाले,

"दुशरी गाठ नाही ती, आई! तुम्हाला चावून चावून शुजलीय बिच्यारी!"