उजव्या कानाचे डोंगरेकाका

बुटाच्या दुकानात गेल्यावर माणसं बूट पायात घालून पाहतात. आमचे डोंगरेकाका तो कानाला लावतात. आधी तळव्यावर बोटाच्या पेराने तीनदा टकटक करायची, मग बूट उजव्या कानाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "नाई बोलून राहिली पलेट. ठेवा वापस."

सीताबर्डीच्या एका दुकानदाराने शेवटी हात जोडले. "चाचा, जूता है, मटका नहीं."

"मटकाबी असाच घेतो मी," काका शांतपणे म्हणाले.

काका सक्करदऱ्यात माझ्या शेजारच्या घरात राहतात. सगळी नोकरी रेल्वेच्या रुळांवर गेली. रोज हातोडी घेऊन निघायचं, रूळ ठोकत चालायचं, आवाज ऐकायचा, आणि आवाज बद्द आला की वाकून पाहायचं. गाड्यांच्या धडधडाटात डावा कान गेला, उजवा तेवढा शाबूत राहिला. त्यामुळे काकांशी बोलायचं असेल तर उजवीकडे उभं राहावं लागतं. डावीकडून त्यांना काहीही म्हणा, ते प्रसन्नपणे समोर बघत राहतात.

काकू जाऊन सहा वर्षं झाली. घरात काका आणि त्यांची मुलगी सुषमा, दोघंच. सुषमा पोलीस भरतीची तयारी करत होती. त्या घरातून कुकरच्या शिट्टीशिवाय दुसरा आवाज मी फारसा ऐकला नाही. पोरगी पहाटे एकटी पळायला जाते म्हणून निवृत्तीनंतर काकाही तिच्यासोबत तलावाकडे जाऊ लागले आणि बघता बघता स्वतःच पळायला लागले.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी काका माझ्या दारात उभे. "मास्तर, ते कार्बन पलेटवाल्या बुटाची काय भानगड आहे जी?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. पण मोबाइलवर बुटांची परीक्षणं पाहून पाहून त्या दिवसांत मी बुटांचाही मास्तर झालो होतो. मऊ फोमच्या थरांमध्ये कार्बनची पातळ, ताठ पट्टी म्हणजे प्लेट असते, पाय टेकला की ती पुढे ढकलते, रोज घालायचा नाही, वेगाने पळायचं त्याच दिवशी घालायचा, असं सगळं मी सांगितलं. बड्या कंपनीच्या जोडीच्या किमतीत जुनी मोपेड येईल, तेव्हा आपण मागच्या वर्षीचं मॉडेल शोधू, हेही सांगितलं.

"मले रविवारपुरताच पायजे," काका म्हणाले. "सहा मिनटाचा किलोमीटर साडेपाचवर आणाचा आहे. उनाळ्याच्या आधी."

"काहून काका? मेडल पाहिजे का?" मी हसलो.

"पायजे," एवढंच म्हणून ते गेले. म्हातारपणी मेडलचं खूळ शिरलं, असं मी ठरवून टाकलं. तेव्हा हसणं सोडून एकदा नीट विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.

मग आमची शोधमोहीम निघाली. काकांचे नियम पक्के होते. बूट संध्याकाळीच पाहायचा, कारण दिवसभरात पाय फुगतो. त्याआधी पायाला चाल पडली पाहिजे, म्हणून सक्करदऱ्याहून सीताबर्डीपर्यंत पायी जायचं. मीही त्यांच्यासोबत पाय ओढत जायचो. खिशात जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापलेलं स्वतःचं पाऊल असे. तो पुठ्ठा ते आधी बुटात सरकवत. पुठ्ठा दुमडला की बूट बाद. आयुष्यभर रुळांच्या गिट्टीवर चालून त्यांचा पाय पुढून चांगलाच पसरला होता, आणि हे वेगाचे बूट सगळे निमुळते. पुठ्ठ्यातून जो पास होई, तो कानाशी नापास होई. एका दुकानदाराने शपथेवर कार्बन म्हणून सांगितलेला बूट काकांनी दोन टिचक्यांत ओळखला. "पलास्टिक आहे हे. टिफिनचं झाकण वाजते तसं वाजून राहिलं." दुकानदाराने खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि खोका परत फळीवर ठेवला.

संक्रांतीच्या सुमारास मला मोबाइलवर हवा तसा बूट सापडला. मागच्या वर्षीचा, पुढून रुंद, पट्टी अस्सल कार्बनची, किंमतही काकांच्या आवाक्यातली. काका म्हणाले, "घेऊन टाकू."

मी म्हणालो, "थांबा काका. पंधरा दिवसांत सेल लागतो. दोन हजार तरी उतरतील."

ते माझ्या दाराच्या चौकटीवर पेराने टकटक करत थोडा वेळ उभे राहिले. "तुमी म्हणता तं थांबू."

सेल लागला तेव्हा त्यांचं माप संपलं होतं. मग मी म्हणालो, नवीन मॉडेल येतंय, ते आलं की जुन्याची किंमत आणखी उतरेल. काका परत थांबले. मधल्या काळात रोज संध्याकाळी मी कुंपणावरून विचारायचो, "काय काका, पलेट काय म्हणते?" आळीतले सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मार्चमध्ये सुषमाची निवड झाली. पेढे वाटले गेले, आणि ती ट्रेनिंगला दूर गेली. त्यानंतर आठवड्याभराने त्यांच्या मापाचा बूट आला, सांगितल्याप्रमाणे दोन हजार रुपये कमी किमतीत. मी विजयी चेहऱ्याने खोका काकांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी एक बूट उचलला, टकटक केली, उजव्या कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"बोलून राहिली," ते म्हणाले, आणि बूट परत खोक्यात ठेवून झाकण लावलं.

"अहो, घालून तर पाहा! रविवारी होऊन जाऊ द्या साडेपाच मिनिटं!"

"आता काय कराचं जी?" काका म्हणाले. "घरी आमी दोघंबी मुके. तिची माय होती तवा तेच बोले, आमी आयको. पण रविवारचं सुषमाचं लांबचं धावणं राहे, आरामाचं. तवा ते माह्या उजवीकडं धावे अन् बोले. मैत्रिणीचं, पेपरचं. मायचंबी बोले. घरी मायचं नाव काढत नाई पोरगी, पण धावतानी बोले. मंग तिचा इस्पीड वाढला. मी मागं पडलो. मागून काय आयकू येते मले? माह्यासाठी ते थांबे, अन् तिचा टाइम बिघडे. मीच म्हटलं, जाय तू पुढं. वाटलं, बूट आला का गाठतो तिले."

माझी सगळी हुशारी त्या खोक्यात बंद होऊन पडली होती. संक्रांतीपासून मार्चपर्यंतचे सगळे रविवार मी दोन हजार रुपयांना घालवले होते, आणि तेही दुसऱ्याचे.

"फोन करते ना ती?" मी कसंबसं विचारलं.

"करते ना. 'जेवली. बरी आहे. तुमी जेवले का?' बस. माह्यावरच गेली आहे."

पुढचे दोन रविवार काका बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या रविवारी मी तलावाकडे गेलो, तर ते नवे बूट घालून पळत होते. आणि पळत होते म्हणजे काय, वाटेवरचे चालणारे वळून पाहत होते. मी धापा टाकत त्यांना गाठलं आणि बोलता यावं म्हणून सवयीने उजवीकडून शिरलो.

"तिकडून नका येऊ, मास्तर," पळतानाच ते म्हणाले. "इकडून या."

त्यांनी डाव्या हाताने डावीकडची जागा दाखवली. मी मागून वळसा घालून डावीकडे आलो. उजवीकडची जागा मोकळी ठेवून ते तसेच पळत राहिले. माझ्या घड्याळात किलोमीटर पूर्ण झाला. पाच मिनिटं अठ्ठावीस सेकंद.

"साडेपाचच्या आत, काका!" मी ओरडलो. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

मग मी हळू आवाजात म्हणालो, "चुकलं माझं, काका." काका मान जराशी उजवीकडे कलवून, समोर बघत पळत होते.