बैलाच्या कष्टाचं पडवळ

पडवळ पाच फूट दोन इंच झालं आणि जमिनीला टेकायला आलं, त्या दिवशी पंढरीनाथ टिपणिसांनी त्याच्याखाली खड्डा खणायला घेतला. मांडव उंच करणं जमण्यासारखं नव्हतं, आणि पडवळाला वाढू नकोस म्हणून सांगायची टिपणिसांची छाती नव्हती. तेव्हा जमीनच खाली नेणं भाग होतं. दोन संध्याकाळी खपून, कुदळ एकदा स्वतःच्या अंगठ्यावर आणि दोनदा मागच्या पायरीवर घालून, त्यांनी हातभर खोल खड्डा पाडला. सरळ वाढावं म्हणून पडवळाच्या टोकाला बांधलेला दगड त्या खड्ड्यात लोंबू लागला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

'अधिक धान्य पिकवा'चे ते दिवस. डोंबिवलीत ज्याच्या त्याच्या दारामागे काहीतरी वर येत होतं. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलात येत्या रविवारी परसबागांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि सर्वांत लांब फळभाजीला चांदीचा पेला होता. प्रदर्शनाचे सेक्रेटरी खारकर वकील टिपणिसांच्याच गल्लीत राहत. त्यांनी छापलेल्या फॉर्मात एक ओळ होती: 'सदर बाग मी मजुरावाचून, स्वतःच्या श्रमाने तयार केली आहे.' त्याखाली टिपणिसांनी अशी झोकात सही ठोकली होती, की शेवटच्या 'स'ची शेपटी फॉर्माबाहेर गेली.

आता खरं सांगायला हरकत नाही. टिपणिसांनी ती बाग खणलेली नव्हती.

झालं होतं असं, की वैशाखात त्यांची बायको कमळाबाई आठ दिवस शहाडला भावाकडे गेली. ती परत येईपर्यंत परसातली वाडी खणून तिला चकित करायचं, असं टिपणिसांनी मनात आणलं आणि कुदळ उचलली. चौथ्या घावाला कंबर धरली. पाचवा घाव त्यांनी घातलाच नाही. गावाच्या कडेला राघो म्हात्रे राहायचा, त्याला गाठलं. "बैल आनतू सायेब, दुपारपावेतो होईल," राघो म्हणाला. त्याबद्दल टिपणिसांनी त्याला आपली काळी छत्री दिली आणि ते ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तो वाडी तयार. जमीन नांगरलेली आहे की खणलेली, हे ओळखण्याइतकी शेती टिपणिसांना येत नव्हती.

कमळाबाई परत आल्या, मागच्या दारात उभ्या राहिल्या, आणि पाहतच राहिल्या.

"हे तुम्ही केलंत? एकट्यानं?"

"मग काय, भुतांनी केलं?" टिपणीस म्हणाले.

बावीस वर्षांच्या संसारात बायकोनं आपलं कौतुक केल्याचं टिपणिसांना आठवत नव्हतं. तशी वेळच त्यांनी कधी आणली नव्हती. त्या दिवशी मात्र जेवताना कमळाबाईंनी भातावर एकदा तूप वाढलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा वाढलं. तेव्हापासून रोज दोनदा तूप. शिवाय गल्लीभर एकच घोष, "आमच्यांनी वीतन्‌वीत हातानं खणलीय हो!" आता अशा ठिकाणी कोण शहाणा माणूस राघोचं नाव काढील? छत्री ऑफिसात हरवली असं सांगून टिपणीस अख्खा पावसाळा डोक्यावर गोणपाट घेऊन हिंडले. भिजत होते, शिंकत होते, पण तुपाला जागत होते.

गणपती बसले. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. पडवळ सहा फुटांना अर्धा इंच कमी होतं. टिपणीस सकाळी सकाळी शिंप्याकडून आणलेली टेप घेऊन मांडवाखाली बसले होते, तोच पुढच्या दारी बांगड्या वाजल्या.

ऋषिपंचमीला बायकांना बैलाच्या कष्टाचं चालत नाही. नांगराखालच्या शेतातलं सगळं वर्ज्य, आणि परसात माणसानं हातानं पिकवलेलं असेल तेवढंच पोटात जायचं. दरवर्षी ज्याची त्याची भाजी ज्याच्या त्याच्या दारी असे. पण यंदा पावसानं निम्म्या गल्लीच्या वाड्या धुऊन नेल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या एका बकरीनं. शाबूत वाडी एकच.

"या हो, या!" कमळाबाई सर्वांना घेऊन मागच्या दारी आल्या. "भाजीची कसली काळजी करता? आमच्या वाडीला बैलाचा वारासुद्धा लागलेला नाही."

पुढे खारकर वकिलांची बायको विमलाबाई, तिच्यामागे पलीकडच्या चाळीतल्या सखुबाई, आणि त्यांच्यामागे आणखी पाच-सहाजणी टोपल्या घेऊन. अळू गेलं. माठ गेला. भेंडी गेली, शिराळी गेली. टिपणीस हसतमुखानं "न्या, न्या" म्हणत होते आणि हळूहळू सरकत पडवळाच्या पुढ्यात येऊन उभे राहिले होते. पण सहा फुटांचं पडवळ पाच फूट चार इंचांच्या माणसामागे लपत नाही.

"अगंबाई, आणि हे?" सखुबाईंनी विचारलं.

"ते रविवारचं आहे," टिपणीस म्हणाले.

"रविवारी कुठली ऋषिपंचमी? पडवळावाचून का ऋषीची भाजी होते?"

"जून झालंय हो ते. नुसता चोथा."

सखुबाईंनी टिपणिसांच्या काखेखालून हात घालून पडवळाला नख लावलं. "कुठं जून? लोणी आहे लोणी!"

"अहो, नख नका लावू!" टिपणीस असे ओरडले, की विमलाबाईंच्या टोपलीतल्या चार भेंड्या खाली पडल्या.

कमळाबाई पुढे झाल्या. "अहो, व्रताच्या दिवशी सवाष्णी दारी आल्यात. त्यांना नाही म्हणायचं? पेल्याचं काय मेलं! पुढच्या वर्षी मिळेल. पुन्हा खणाल तुम्ही. तुमच्या हातांना कुठं धाड भरलीय?"

हे त्या इतक्या अभिमानानं म्हणाल्या, की टिपणीस पडवळापुढून बाजूला झाले. कमळाबाईंनी कोयती आणली. एक हात पडवळाच्या देठाला लावला, दुसऱ्या हातानं कोयती उचलली. टिपणिसांच्या डोळ्यांपुढून चांदीचा पेला सरकन गेला आणि त्यांच्या तोंडून शब्द सुटला.

"थांब! बैल फिरलाय!"

"कुठाय, कुठाय बैल?" सखुबाई लुगडं सावरत पायरीवर चढल्या.

"आता नव्हे हो. वैशाखात." टिपणिसांचा आवाज अगदी खाली आला. "या वाडीत. राघोचा बैल. मी... मी नाही खणली."

मग सखुबाईंनी आपली टोपली पायरीवर उपडी केली. अळूची पानं, माठ, शिराळी, सगळं ओल्या फरशीवर. मागोमाग दुसरी टोपली, तिसरी टोपली. जाता जाता विमलाबाई थांबल्या.

"भावजी, फॉर्मात तर तुम्ही स्वतःच्या श्रमानं असं लिहिलंत ना?"

टिपणीस खड्ड्याकडे बघत राहिले.

"मी आपण होऊन काही सांगणार नाही हो," विमलाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "पण आज भाजी का नाही असं आमच्याकडे विचारतील. मग कारण सांगावंच लागेल."

त्या गेल्या. म्हणजे हिशेब असा झाला, की पडवळ वाचवण्यासाठी टिपणिसांनी खरं बोलावं, आणि खरं बोलल्यामुळे पडवळाचा काही उपयोग राहू नये. कमळाबाईंनी कोयती जागच्या जागी ठेवली, सोवळं नेसल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. दुपारी स्वतः नुसती वरी घेऊन बसल्या. टिपणिसांच्या पानात भात होता, वरण होतं. तूप नव्हतं. त्यांनी तुपाच्या भांड्याकडे एकदा पाहिलं आणि वाईट वाटून कोरडा भात खाल्ला. खोटं बोलल्याचं त्यांना चार महिन्यांत जेवढं वाईट वाटलं नव्हतं, तेवढं त्या एका घासाला वाटलं.

गल्लीतली बातमी मात्र जेवायला थांबली नाही. ती दुपारच्या आत गावाच्या कडेला पोचली, आणि वाटेत तिचं असं झालं, की राघोच्या बैलानं अख्ख्या गल्लीचं व्रत मोडलं. पाऊस भुरभुरत होता. टिपणीस हात धुवून बाहेर येतात, तो अंगणात राघो उभा, रागानं लाल झालेला. डोक्यावर काळी छत्री.

"सायेब, माजे बैलाचा नाव कोनी घेतला?"

"अरे, हळू बोल!"

"हळू कशाला? गलीतल्या बाया माजे बायकोला, तुलसाला, बोलतान, तुजे बैलान आमचा वरत मोरला. माजे बैलान तुमचे वारीन पाय नाय घातला!"

टिपणिसांना आधी समजेचना. "अरे, तूच ना म्हणालास, बैल आणतो?"

"बोललू होतू. पन त्याच सकाली त्याचे पायान खिला गेला. चार दिस उठला नाय. तुमाला कबूल केलता, मंग मी न तुलसान कुदलीन खनला. दिसभर."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलाव कवा? तुमी बोललाव, वारी तयार पायजे. जाली ना?"

एवढ्यात दारातून कमळाबाईंचा आवाज आला. "राघो, ही छत्री कुठली?"

राघोनं टिपणिसांकडे पाहिलं. टिपणिसांनी पावसाकडे पाहिलं. छत्रीच्या मुठीला लाल दोरा गुंडाळलेला होता, आणि तो कमळाबाईंनी स्वतःच्या हातानं गुंडाळला होता.

"सायबान दिली, बाय. खनायची."

"म्हणजे बैल फिरला नाही?"

"नाय, बाय."

"माणसांनीच खणलं?"

"आमीच दोघांनी."

"आणि ह्यांनी काय केलं?"

राघो मनाचा चांगला माणूस होता. त्यानं बराच विचार केला. "सायबान... छत्री दिली."

कमळाबाई आत गेल्या आणि कोयती घेऊन बाहेर आल्या. या वेळी "थांब" म्हणण्यासारखं टिपणिसांकडे काही उरलं नव्हतं. सहा फुटांचं पडवळ खाली आलं. पायरीवरचं अळू, माठ, शिराळी पुन्हा टोपलीत गेली. पडवळाचे नऊ तुकडे झाले. त्यातला सर्वांत मोठा कमळाबाईंनी राघोच्या हाती दिला. "तुळसाला दे. आणि म्हणावं, तिच्या हातचं आहे." मग उरलेली टोपली त्यांनी नवऱ्यापुढे ठेवली.

"घरोघर द्या. आणि काय झालं ते सांगा. तुमच्या तोंडानं."

टिपणिसांनी सवयीनं कोपऱ्यातलं गोणपाट डोक्यावर घेतलं. प्रत्येक दारात तुकडा द्यायचा आणि म्हणायचं, "घ्या. बैल नव्हता." आठवं दार खारकर वकिलांचं. तिथं वकील स्वतःच पुढे आले.

"बैल नव्हता म्हणता?"

"नव्हता."

"मग तुम्ही होतात?"

टिपणिसांनी डोक्यावरचं गोणपाट काढलं. "मीही नव्हतो."

वकिलांनी पडवळाचा तुकडा घेतला, आत जाऊन यादी काढली आणि पंढरीनाथ टिपणिसांच्या नावावर रेघ ओढली. विमलाबाईंनी भाजी चुलीवर चढवली.

त्या संध्याकाळी सखुबाई रिकामी टोपली परत द्यायला मागच्या दारी आल्या. भाजी झकास झाली होती, पडवळ म्हणजे लोणी होतं, हे सांगण्याच्या नादात त्या मांडवाखाली गेल्या आणि त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला.

"अगंबाई! हा कसला गं खड्डा?"

कमळाबाईंनी त्यांना हात देऊन वर काढलं. टिपणीस पायरीवर बसून अंगठ्याची चिंधी सोडत होते. कमळाबाईंनी खड्ड्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे पाहिलं.

"हा ह्यांनी खणलाय," त्या म्हणाल्या. "स्वतः. मी डोळ्यांनी पाहिलंय."

सखुबाईंनी वाकून आत पाहिलं. "एवढा?" त्यांनी विचारलं.

पानावर बसल्यावर टिपणिसांच्या भातावर तूप पडलं. दुसऱ्यांदा वाढायला कमळाबाई आल्या नाहीत, आणि टिपणिसांनीही मागितलं नाही. खड्ड्याचं तेवढंच होत होतं.